परदेशी पार्सल अडतं कुठे?

२३ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय टपाल खात्याने जाहीर केलं, की २५ तारखेपासून अमेरिकेला वस्तू असलेलं टपाल स्वीकारलं जाणार नाही. पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू राहणार होत्या. ३१ ऑगस्टला तीही मुभा गेली आणि अमेरिकेच्या पत्त्याचं साधं पत्रसुद्धा काउंटरवर घेणं बंद झालं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे गणपती, नवरात्र, दसरा उलटून गेले, आणि पुण्यातून, ठाण्यातून, नाशिक-कोल्हापुरातून न्यू जर्सीला नि कॅलिफोर्नियाला फराळाचे डबे टपालाने रवाना होण्याचा सगळा हंगाम कोरडा गेला. जे शेवटच्या आठवड्यात धावत पोस्टात गेले, त्यांचे डबे दिवाळीला वेळेवर पोहोचण्याची आशा फारशी नव्हतीच.

हा प्रसंग नीट तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या आयातीला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी काढून घेतली. शुल्क गोळा करण्याची जबाबदारी टपाल वाहून आणणाऱ्यांवर किंवा अमेरिकी कस्टमने मान्यता दिलेल्या मध्यस्थांवर टाकली. पण ते गोळा कसं करायचं, कुठे भरायचं, मध्यस्थ कोण, याची व्यवस्था मुदत तोंडावर आली तरी झालेली नव्हती. तेव्हा विमान कंपन्यांनी अमेरिकेचं टपाल उचलायलाच नकार दिला. जागतिक टपाल संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं आणि ८८ टपाल संस्थांनी आपली अमेरिका सेवा पूर्णतः किंवा अंशतः थांबवल्याचं कळवलं.

आता बघा, गावातलं पोस्ट उघडं होतं. विमानं उडत होती. अमेरिकेतला पोस्टमन रोज दारोदार जात होता. तरी पार्सल जात नव्हतं, कारण एका हातातून दुसऱ्या हातात ते देण्याची मधली जागा बंद पडली होती. शंभर डॉलरच्या आतल्या भेटवस्तूंवर शुल्क नव्हतंच, तरी त्याही अडकल्या. एरवी वर्षभर हेच लहान प्रमाणात चालू असतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान साधारण सोळा तासांत पोहोचतं. पार्सलला तीन आठवडे लागले तर त्यातला प्रत्यक्ष प्रवास दिवसाभराचाही नसतो. उरलेला काळ पार्सल कोणाच्या तरी ताब्यात, कशाची तरी वाट पाहत पडून असतं. परदेशी टपालाच्या भरवशाचा प्रश्न समजून घ्यायचा तर हे पडून राहणं कुठे, कशामुळे आणि कोणाच्या जबाबदारीवर होतं, ते पाहायला हवं.

या व्यवस्थेचा पाया ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे घातला गेला. बावीस देशांनी करार करून ठरवलं, की टपालापुरता सगळ्यांचा मिळून एकच प्रदेश मानायचा आणि कोणीही दुसऱ्याचं टपाल आपल्या हद्दीतून जाऊ देताना अडवायचं नाही. भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. आज या संघटनेचे १९२ सदस्य देश आहेत आणि जागतिक टपाल दिन ९ ऑक्टोबरलाच पाळला जातो. पार्सलसाठी वेगळा करार १८८० साली पॅरिसमध्ये झाला. मुंबई तर या जाळ्यातलं फार जुनं नाव. सुएझ-एडनच्या बाजूने मुंबईकडे येणाऱ्या बोटींवरच एकेकाळी टपालाचं वर्गीकरण चाले. समुद्रात असतानाच पिशव्या फोडून, गावांनुसार पत्रं लावून, बोट धक्क्याला लागताच ती आगगाडीत चढवायची, हे काम १८६८ पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत होत होतं. वाहतुकीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यातच हाताळणी उरकायची ही त्या काळची जाण मला मोलाची वाटते. आज विमान सोळा तासांत पोहोचवतं आणि हाताळणी मात्र आधी नि नंतर, जमिनीवर, रांगेत होते.

बर्नच्या करारात एक गोष्ट गृहीत धरली होती. पत्र गेलं की उत्तर येतं, त्यामुळे दोन देशांत टपाल साधारण सारखंच ये-जा करेल. म्हणून ज्या देशात तिकीट विकलं गेलं त्याने पैसे ठेवावेत, वाटप करणाऱ्याला वेगळं काही देऊ नये. जवळपास शंभर वर्षं पत्रांच्या बाबतीत हा हिशेब चालला. पुढे काही देश पाठवणारे आणि काही देश वाटणारे झाले, तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटपाच्या खर्चापोटी दुसऱ्या देशाला रक्कम देण्याची पद्धत ठरली. तीवरून पुढे बरेच वाद झाले. चीनमधून येणाऱ्या हलक्या पाकिटांच्या वाटपाला आपल्याला परवडत नाहीत इतके कमी पैसे मिळतात, अशी तक्रार करत अमेरिकेने २०१८ मध्ये संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि अमेरिकेला जुलै २०२० पासून स्वतःचे दर स्वतः ठरवण्याची मुभा देऊन तडजोड झाली. ग्राहकाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ असा, की आपण काउंटरवर भरलेल्या पैशांतला एक भाग परक्या देशाच्या टपाल खात्याला जातो. तो किती जातो यावर तिथलं खातं आपलं पार्सल किती मनापासून हाताळेल हे बऱ्याच अंशी अवलंबून असतं.

आता एका पार्सलच्या मागोमाग जाऊ. समजा, सांगलीहून एक डबा शिकागोला निघाला. बुकिंग होताना त्याला तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो: सुरुवातीला दोन रोमन अक्षरं, मग आठ अंक, मग एक पडताळणीचा अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपल्याकरता ‘आयएन’. पहिलं अक्षर सेवेचा प्रकार सांगतं. ‘ई’ म्हणजे स्पीड पोस्टची आंतरराष्ट्रीय सेवा, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘आर’ म्हणजे रजिस्टर. पडताळणीचा अंक बाकीच्या आठांवरून ठरलेल्या गुणाकाराने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्राला तो लगेच कळतो. जगभर एकच पद्धत असल्याने सांगलीचा हाच क्रमांक शिकागोतल्या पोस्टाच्या यंत्रातही चालतो. ही खरोखर मोठी कामगिरी आहे आणि तिचं कौतुक क्वचितच होतं.

डबा सांगलीहून मुंबईला येतो. मुंबईत फॉरेन पोस्ट म्हटलं की बॅलार्ड इस्टेटमधलं विदेश डाक भवन आठवतं. विमानतळाजवळही टपालाचं वर्गीकरण केंद्र आहे. इथे देशातलं टपाल संपतं आणि आंतरराष्ट्रीय सुरू होतं. कस्टमचे अधिकारी याच टप्प्यावर माल पाहतात. मग त्या त्या देशाच्या पिशव्या भरल्या जातात, त्यांना लेबलं लागतात, कोणत्या पिशवीत कोणती पार्सलं आहेत याचा इलेक्ट्रॉनिक संदेश पलीकडच्या देशाला जातो आणि ट्रॅकिंगवर ओळ दिसते, की पार्सल देशाबाहेर पाठवण्यासाठी रवाना झालं.

यापुढे ट्रॅकिंग मुकं होतं. पाठवणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो इथेच. परदेशी पार्सलबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला याच पट्ट्यात दिसतं. ‘रवाना’ या नोंदीचा अर्थ विमान उडालं असा होत नाही. पिशवी बंद होऊन विमान कंपनीच्या हवाली होण्याच्या वाटेवर आहे, एवढाच तो अर्थ. त्या दिवशीच्या विमानात जागा नसली तर ती विमानतळाच्या गोदामात थांबते. प्रवासी विमानाच्या पोटात आधी प्रवाशांचं सामान जातं, मग इतर माल, आणि वजन जास्त झालं तर उतरवल्या जाणाऱ्या मालात टपालाची पिशवी असू शकते. थेट विमान नसेल तर मध्ये दुबई किंवा फ्रँकफर्टसारखा मुक्काम होतो, तिथे पुन्हा तेच. पिशवी बंद असल्यामुळे या काळात आतल्या एकेका पार्सलचं स्कॅनिंग होत नाही. शिकागोत पिशवी उघडून आतलं पार्सल स्कॅन होईल तेव्हाच पुढची ओळ उमटते. सणासुदीला पिशव्या उतरून उघडायच्याही रांगेत असतात. म्हणून पार्सल अमेरिकेत पोहोचून आठवडा झाला तरी आपल्या पडद्यावर ते अजून मुंबईतच दिसू शकतं, आणि पोस्टातला कारकून प्रामाणिकपणे सांगतो, ‘आमच्याकडून गेलंय, काकू.’

यात एक गोष्ट मनाला लागते. पिशवीची माहिती अस्तित्वात असते. टपाल खातं आणि विमान कंपनी यांच्यात पिशवी दिली, चढवली, उतरवली, पोहोचवली असे संदेश जाण्याची जागतिक पद्धत ठरलेली आहे, दोघांचे हिशेबही त्यावर चालतात. पण ही माहिती पैसे भरणाऱ्या माणसापर्यंत येत नाही. त्याला दिसतात ती फक्त दोन टोकं.

विमानाच्या पोटातल्या जागेवर सगळी व्यवस्था किती टेकलेली आहे, हे कोविडने दाखवलं. त्याआधी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांतूनच जात असे. भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबवली, ती पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ ला. दोन वर्षं टपाल मालवाहू आणि खास विमानांतल्या तुटपुंज्या जागेवर गेलं, अनेक देशांची सेवा बंद राहिली आणि दर वाढले. त्या काळात परदेशातल्या मुलांना औषधं, चष्मे, कागदपत्रं पाठवू पाहणाऱ्या आईवडिलांची जी ससेहोलपट झाली, तिचा दोष काउंटरवरच्या माणसाला देणं अन्यायाचं होतं. पण नेमकं काय चाललंय हे त्याला वरून कोणी सांगत नव्हतं, हा दोष मात्र खात्याचाच.

पलीकडच्या विमानतळावर उतरल्यानंतरची मोठी अडचण म्हणजे तिथलं कस्टम. गेल्या पंधरा वर्षांत सर्वांत जास्त बदल इथे झाले आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून शिकागोच्या पत्त्यावर निघालेल्या प्रिंटरच्या काडतुसांत स्फोटकं सापडली, दुबईत आणि इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर. ती टपालाने गेली नव्हती, खासगी कुरियरने गेली होती. पण त्यानंतर विमानात काय चढतंय याची माहिती आधी हवी, हा आग्रह जगभर घट्ट झाला. अमेरिकेत टपालाने येणाऱ्या फेंटानिल या अमली पदार्थाच्या भीतीने २०१८ मध्ये कायदा झाला, आणि २०२० अखेरपर्यंत सगळ्या परदेशी टपालवस्तूंची माहिती आगाऊ मिळालीच पाहिजे असं ठरलं. जागतिक टपाल संघटनेने जानेवारी २०२१ पासून ही माहिती सगळ्यांवर बंधनकारक केली. युरोपीय संघाने मार्च २०२१ मध्ये स्वतःची आगाऊ माहितीची प्रणाली सुरू केली आणि जुलैमध्ये बावीस युरोपर्यंतची करमाफी संपवली. पूर्वी हिरव्या चिठ्ठीवर पेनाने ‘गिफ्ट’ लिहून भागत असे. आता तो शब्द नोंदीत असला की उलट यंत्राला संशय येतो.

काउंटरवर माहिती टाइप होते त्या दोन मिनिटांत पार्सलचं पुढचं बरंचसं भवितव्य ठरतं, हे माझं ठाम मत आहे. ‘खाद्यपदार्थ’ एवढंच लिहिलं तर परदेशी अधिकाऱ्याला काही कळत नाही. ‘तांदळाच्या पिठाचा तळलेला पदार्थ, घरी केलेला, अर्धा किलो, अमुक किंमत’ असं वेगवेगळं लिहिलं तर कळतं. अमेरिकेत अन्नपदार्थ टपालाने येण्याआधी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी करून दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला यातून सूट आहे. म्हणजे आईने घरी केलेल्या चकल्यांना एक नियम आणि तिनेच दुकानातून आणून घातलेल्या बाकरवडीला दुसरा. हा फरक किती घरांना माहीत आहे? किती काउंटरवर सांगितला जातो? ऑस्ट्रेलियाचा कटाक्ष दुधावर आहे. पेढे-बर्फी तिथे अडते, आणि दिवाळीच्या सुमारास तिथलं खातं भारतीय मंडळींना उद्देशून तसं सांगतंही. ज्या देशाला पाठवायचं त्याची यादी बुकिंगआधी पाहणं हे आता फराळाच्या तयारीचंच एक काम झालं आहे.

उलट्या दिशेने, परदेशातून इकडे येणाऱ्या पार्सलांची गोष्ट वेगळी आणि जास्त खडतर आहे. डिसेंबर २०१९ पर्यंत पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्क लागत नसे. या सवलतीच्या आडून परदेशी दुकानं ऑनलाइन माल ‘भेट’ म्हणून पाठवत असल्याचं दिसल्यावर सरकारने ती काढली. टपालाने वा कुरियरने भेट म्हणून शुल्कमुक्त येण्याची मुभा उरली फक्त जीवनरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबत आलेल्या वस्तूंना ती नाही. कारण पटण्यासारखं होतं, पण त्याची झळ बसली ती आजीसाठी स्वेटर पाठवणाऱ्या नातीला. शुल्क ठरवायचं म्हणजे किंमत हवी, किंमत म्हणजे बिल हवं, आणि हाताने विणलेल्या स्वेटरचं बिल कुठून आणायचं? असं पार्सल फॉरेन पोस्टात अडतं, ओळखीचे कागद मागणारं पत्र येतं, ते कधी पत्त्यावर पोहोचतं, कधी नाही. नियम करताना खरोखरच्या घरगुती भेटींसाठी छोटी, कमी मर्यादेची खिडकी उघडी ठेवता आली असती असं मला वाटतं.

संप, सायबर हल्ले, युद्धं यांनी होणारा उशीर वेगळा आणि त्यावर ग्राहकाचा काही इलाज नसतो. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेलवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि परदेशी पार्सलं घेणंच थांबलं. सगळ्या सेवा रुळावर यायला फेब्रुवारी संपत आला. कॅनडा पोस्टचा संप १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४ असा ऐन नाताळच्या तोंडावर चालला आणि अनेक देशांनी कॅनडाचं टपाल घेणं थांबवलं. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं सगळं टपाल बंद केलं. अशा वेळी देश एकमेकांना अधिकृतपणे कळवतात, आणि परिस्थिती आवाक्याबाहेरची असल्याचं एकदा जाहीर झालं की भरपाईचा प्रश्नही मिटतो.

भरपाईचं गणित कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. जागतिक टपाल कराराप्रमाणे साधं, विमा न उतरवलेलं पार्सल हरवलं तर भरपाईची कमाल मर्यादा चाळीस एसडीआर अधिक दर किलोला साडेचार एसडीआर अशी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पाच किलोच्या डब्याला साडेबासष्ट एसडीआर, म्हणजे साधारण ऐंशी ते नव्वद डॉलर. रजिस्टर टपालाला तीस एसडीआर. आत पैठणी होती की चिवडा, याने फरक पडत नाही. विमा उतरवला असेल तरच जाहीर केलेल्या किमतीचा विचार होतो. अप्रत्यक्ष नुकसान, बुडालेला नफा, मनस्ताप यांना काही मिळत नाही. आणि नुसत्या उशिराला साध्या पार्सलच्या बाबतीत भरपाईच नाही. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नानंतर पोहोचला तरी कागदोपत्री सेवा पूर्ण झालेली असते.

देशातला कायदाही खात्याच्या बाजूने झुकलेला आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात हरवणं, चुकीच्या ठिकाणी जाणं, उशीर आणि नुकसान यांपासून खात्याला संरक्षण होतं. जून २०२४ मध्ये त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू झाला, तरी नियमांत सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जबाबदारी नाही, हे सूत्र तसंच राहिलं. सव्वाशे वर्षांनी कायदा नव्याने लिहिण्याची संधी आली होती. निदान उशिरापुरतं तरी काही उत्तरदायित्व त्यात घालायला हवं होतं. निम्म्या टपालखर्चाच्या परताव्याएवढं जरी असतं, तरी आतल्या आत घड्याळाकडे कोणीतरी पाहिलं असतं.

हातात उरतं ते चौकशीचं साधन. पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत चौकशी मागता येते, आणि ती आपल्याच देशाच्या टपाल खात्याकडे मागायची असते. ते परदेशी खात्याला विचारतं. शिकागोतल्या मुलाने तिथल्या पोस्टात हेलपाटे घालण्यापेक्षा सांगलीतल्या आईने पावती घेऊन लेखी चौकशी नोंदवणं जास्त उपयोगाचं. करार आईचा आणि भारतीय टपाल खात्याचा आहे. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येकांची मुदत निघून जाते.

खासगी कुरियरशी तुलना होते ती योग्यच आहे, पण अर्धवट होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या डीएचएलसारख्या कंपन्यांचं बळ असं, की घरातून उचलण्यापासून परदेशी दारापर्यंत बहुतेक ठिकाणी माल त्यांच्याच ताब्यात राहतो. विमानं त्यांची, गोदामं त्यांची, कस्टमपुढे उभा राहणारा दलाल त्यांचा. एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे जोड कमी, म्हणून उशीर कमी, आणि उशीर झाला तर विचारायला एकच दार. त्याची किंमत टपालाच्या कितीतरी पट असते. शिवाय दिवाळीआधी दादर, डेक्कन, नौपाड्यात ‘फराळ परदेशी पाठवा’ असे फलक लावणारी बरीचशी दुकानं स्वतः कुरियर नसतात. ती अनेकांचे डबे गोळा करून मोठ्या कंपनीला देतात. डबा अखेर कोणाच्या बिलावर, कोणत्या क्रमांकाने जाणार, हे तिथे पहिल्यांदा विचारावं. नाहीतर काही बिनसलं की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे.

एवढं सगळं असूनही सार्वजनिक टपाल टिकलं पाहिजे आणि सुधारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कुरियर कंपन्या जिथे नफा आहे तिथे जातात. टपाल खेड्यातूनही उचललं जातं आणि परक्या देशातल्या खेड्यातही पोहोचतं. भारतीय टपाल खात्याने हजाराहून जास्त डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत. तिथे लहान उत्पादकाला निर्यातीची कागदपत्रं ऑनलाइन भरून पार्सल पाठवता येतं. कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराला किंवा एखाद्या बचत गटाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर त्याच्या आवाक्यातला रस्ता हाच आहे. अशा माणसासाठी उशीर म्हणजे गिऱ्हाईक तुटणं. घरगुती फराळाच्या उशिराने मन खट्टू होतं, इथे पोटाला चिमटा बसतो.

सुधारणा कशी होते याचं उदाहरण टपालाच्या जगातच आहे. परदेशी पत्रांच्या वाटपाचा वेग मोजण्यासाठी जागतिक संघटना रेडिओ चिप लावलेली चाचणीची पाकिटं पाठवते. ती केंद्राच्या दारातून आत-बाहेर होतात तेव्हा वेळ आपोआप नोंदली जाते. वाटप वेळेत होतं की नाही यावर त्या देशाला मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग ठरतो. पार्सलच्या मोबदल्यातही मूळ दरावर ट्रॅकिंग, घरपोच वाटप, ठरलेल्या वेळेचं पालन, चौकशीला वेळेवर उत्तर अशा गोष्टींसाठी वाढीव रक्कम असते. म्हणजे मोजमाप आहे आणि त्याला पैशाची जोडही आहे. त्याचे देशनिहाय तपशील मात्र सामान्य ग्राहकापुढे येत नाहीत.

फॉरेन पोस्टने दर महिन्याला, निदान जास्त टपाल जाणाऱ्या दहा-पंधरा देशांसाठी, एवढं जाहीर करावं: बुकिंगपासून पिशवी बंद होईपर्यंत सरासरी किती दिवस, पिशवी बंद झाल्यापासून परदेशी केंद्रात उघडेपर्यंत किती, तिथल्या कस्टममध्ये किती, आणि शेवटच्या वाटपाला किती. आकडे खात्याच्या यंत्रात आजही आहेत, कारण प्रत्येक स्कॅनला तारीख आणि वेळ असते. ते बाहेर आले की दादरच्या एखाद्या बाईंना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डबा टाकावा की सप्टेंबरच्या शेवटच्या, हे स्वतः ठरवता येईल. मुंबईत पिशवी चार दिवस का थांबते, हा प्रश्न आमदार-खासदारही विचारू शकतील. बंद पिशवी विमानात चढली की नाही, ही ओळ ट्रॅकिंगवर दाखवायला तर नवं यंत्रही लागणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेची सेवा पुन्हा सुरू झाली ती शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरण्याच्या पद्धतीने. तेव्हा दर जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के होता आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना तो लागू नव्हता. असे दर राजकारणाबरोबर बदलतात, त्यामुळे पाठवण्याच्या दिवशीचा दर काउंटरवर विचारून घ्यावा. पद्धत मात्र चांगली आहे. परदेशात मुलाच्या दारात पोस्टमनने अचानक शुल्क मागायचं, त्याने ते नाकारायचं आणि डबा परत फिरायचा, हा एक जोड तिने काढून टाकला. हीच सोय युरोप, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठीही सगळ्या मोठ्या पोस्टांत मिळावी. आणि फराळाचा हंगाम सुरू होण्याआधी, श्रावणातच, प्रत्येक देशाला काय चालतं नि काय नाही याची मराठीतली छापील यादी महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पोस्टांच्या भिंतीवर लागावी.